‘पाय’च्या अंकांत एक्स-रे मावेल का?

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की ३.१४१५९… अशी कधीच न संपणारी संख्या मिळते. तिचे नाव ‘पाय’ (हाडांच्या डॉक्टरांनी गैरसमज करून घेऊ नये). तिच्या अंकांत कुठे ना कुठे तुमचा मोबाइल नंबर आहे, तुमचा सीटी स्कॅनही आहे. मग फाइल साठवण्यापेक्षा ती कितव्या अंकापासून सुरू होते तेवढेच लिहून ठेवा, ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. स्कॅन ठेवायला जागा नसलेल्या सरकारी रुग्णालयातल्या माणसाला तिचा मोह पडणारच.

मात्र हिशेब बसत नाही. ‘पाय’मध्ये प्रत्येक आकडा येतोच, हे अजून कुणी सिद्ध केलेले नाही. येतो असे धरू. सलग सहा नऊ ७६२व्या दशांश स्थानापासूनच भेटतात. सहा अंकांचा पत्ता तीन अंकांत! पण ही लॉटरी झाली. दहा अंकी आकडे १,००० कोटी; नऊ किंवा कमी अंकांचे पत्ते जेमतेम १०० कोटी. म्हणजे दहापैकी नऊ आकड्यांचा पत्ता त्यांच्याइतकाच किंवा त्याहून लांब. सीटीच्या एका स्लाइसमध्ये ५१२ गुणिले ५१२ ठिपके, साधारण अर्धा एमबी. ३०० स्लाइस म्हणजे १५० एमबी, आणि त्यांचा पत्ताही जवळपास तेवढाच.

फाइल लहान करण्याचे खरे मार्ग दोनच. एक, पुनरुक्ती काढणे: शरीराभोवतीचा काळा भाग ठिपक्या-ठिपक्याने न लिहिता ‘इतके ठिपके काळे’ असे लिहायचे. यात काहीच हरवत नाही, पण फाइल दोन-तीन पटच आटते. दुसरा, डोळ्यांना जाणवणार नाही असे वाटणारे तपशील फेकून देणे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या एक्स-रेच्या फोटोचे हेच होते. मोडलेली मांडी त्यात दिसते. केसाएवढी चीर किंवा मॅमोग्राफीतले अर्ध्या मिलिमीटरहून लहान कॅल्शियमचे कण पुसट होऊ शकतात.

म्हणून ‘फाइल वीसपट लहान, दर्जा तोच’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला खरेदी समितीने आधी विचारावे, काय टाकून दिले? किती टाकले तर चालेल हे रेडिओलॉजिस्टने ठरवावे, लेखा विभागाने नव्हे. आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला निघालेल्या रुग्णाने मोबाइलमधल्या फोटोवर न थांबता मूळ स्कॅनची सीडी मागून घ्यावी.