प्रयोगाचे सामान सगळ्यांना हवे

चांगली शाळा म्हणजे फीवाली शाळा, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स आहे. ती १९३८ सालची सरकारी शाळा. फी नाही. शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग तिथे बरोबरच शिकले. १९७९ साली दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण त्या शाळेत परीक्षा देऊन नंबर लागावा लागतो. बाकीच्यांचं काय? तिकडे १९४२ पासून हायस्कूलच्या मुलांची मोठी विज्ञान स्पर्धा होते. सरकारी, खाजगी सगळ्यांना भाग घेता येतो. पण संशोधन स्वतः करून पाठवायचे असते. ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, त्यांनी काय पाठवायचं?

आपल्याकडे नवोदय विद्यालय तसेच आहे. पाचवीत परीक्षा असते आणि सहावीला फार तर ८० मुले घेतात. पुढच्या वर्षी आम्ही पण बसणार. ज्यांचा नंबर लागेल त्यांना शाबासकी द्या. पण राहिलेल्यांच्या हातातही भिंग, चुंबक, परीक्षानळी आली पाहिजे. नुसतं पुस्तकातलं चित्र बघून प्रयोग येत नाही. पालकांनो, ग्रामसभेत हे जरूर बोला.