संगणकाच्या तासाला काय शिकवतात?

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतील नववीच्या एका मुलीची संगणकाची वही आम्ही सहज चाळली. अक्षर मोत्यासारखे. पहिल्या पानावर संगणकाची व्याख्या, दुसऱ्यावर माऊसचे चित्र. "एखादा प्रोग्रॅम लिहिलास का गं?" असे विचारले, तर म्हणाली, "नाही काकू, टायपिंग घेतात. तेही खोली उघडली तर." तिची आई मात्र समाधानी. पोरगी कॉम्प्युटर शिकते ना!

भगिनींनो, फसगत होते ती इथेच.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातल्या तीन सरकारी हायस्कुलांची पाहणी जेन मार्गोलिस या संशोधिकेने सहकाऱ्यांसह केली. त्यावरचे पुस्तक २००८ साली निघाले. काळ्या आणि लॅटिनो मुलांच्या शाळांत संगणक होते, तासही होते. पण शिकवत काय, तर टायपिंग आणि तयार सॉफ्टवेअर वापरणे. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ही मुले अगदी थोडी, कारण 'यांना जमायचे नाही' हे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेले. पुस्तकात उपमा आहे ती पोहण्याची. काळ्यांचे शरीरच पोहण्याजोगे नाही, अशी तिकडे समजूत होती. खरी गोष्ट ही की कित्येक वर्षे त्यांना तलावात आणि समुद्रकिनाऱ्यांवर उतरूच दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांचे पणजोबा गेले, त्यांना हे उलगडून सांगायला नको.

त्या पाहणीतून त्याच शहरात 'एक्सप्लोअरिंग कॉम्प्युटर सायन्स' हा हायस्कूलचा अभ्यासक्रम उभा राहिला. कोडी सोडवणे, वेबपान बनवणे, प्रोग्रॅम लिहिणे, आणि तेही निवडक हुशारांपुरते नव्हे.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंग आणावे असे म्हटले आहे. धोरण झाले, खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते पालकांनीच पाहावे. पालकसभेत एवढेच विचारा, "माझ्या मुलीने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम दाखवता का?" खासगी क्लासची भलीमोठी फी भरण्याआधीही हेच विचारा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळते, हे क्लासवाले आपणहून सांगत नाहीत.

घरी संगणक नसला तरी सुरुवात अडत नाही. '१ ते १० ची बेरीज कर' हे संगणकाला पायरीपायरीने सांगायचे. कागदावर दोन रकाने आखावेत, एक मोजणीचा, एक बेरजेचा. बेरजेत आधी शून्य. दर पायरीला दोन्हींत काय बदलले ते लिहीत जायचे. उत्तर ५५ यायला हवे.

आम्ही त्या मुलीला वहीच्या मागच्या पानावर हेच करायला लावले. पहिल्यांदा ४५ आले. 'दहापर्यंत' म्हणायचे तिथे तिने 'दहापेक्षा लहान' लिहिले होते. चूक तिची तिनेच शोधली, खोडली, आणि विचारू लागली, "काकू, शंभरपर्यंत करायचे तर फक्त एकच आकडा बदलायचा ना?"