चौक सगळ्यांचा, मांडव ज्याचा त्याचा

मागच्या महिन्यात एका ठिकाणचा डेटाबेस सर्व्हर रात्री अडीच वाजता पडला. कोणाचा ते विचारू नका. पहाटेपर्यंत फोनवर होतो. सकाळी मीटिंग झाली, आणि दहा मिनिटांत निदान: "पोस्टग्रेस मेमरी खातंय. शेअर्ड मेमरी निम्मी करा." मी विरोध केला, पण स्क्रीनवर आकडे दिसत होते ना! आकड्यांपुढे माझं कोण ऐकतो?

हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकतोय की आज इथे मळमळ बाहेर काढणार आहे. घरच्या मंडळींनी पळून जाऊ नये. मामा, "तू नक्की करतोस तरी काय?" असं तुम्ही दर दिवाळीत विचारता, त्याचंही उत्तर यात आहे.

आपला जुना वाडा आठवा. मधे चौक, भोवती बिऱ्हाडं. पोस्टग्रेस तसंच आहे. प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे एक बिऱ्हाड. आणि मधे शेअर्ड बफर्स नावाचा चौक. डिस्कवरची ८ केबीची पानं तिथे आणून ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची. हा नुसता काटकसरीचा प्रश्न नाही. एकाच खात्याचं पान दोघांनी आपापल्या घरी नेऊन बदललं तर खरं कोणाचं? म्हणून पान एकच, चौकात, आणि कुलपंही तिथेच. चौक केवढा हे सर्व्हर सुरू होतानाच ठरतं. रिस्टार्ट केल्याशिवाय तो इंचभरही वाढत नाही.

आता मीटिंगमधले आकडे. मशीन ६४ जीबीचं, चौक १६ जीबीचा. 'टॉप' कमांडमध्ये वीसेक प्रोसेस, प्रत्येकीपुढे ११-१२ जीबी. एका हुशार माणसाने बेरीज केली: दोनशेच्या वर! ६४ जीबीच्या मशीनमध्ये दोनशे जीबी मावतातच कसे, हे मात्र कोणी विचारलं नाही. अहो, दहा बिऱ्हाडांना वेगवेगळं विचारलंत की "तुमच्याकडे जागा किती", तर प्रत्येक जण चौक धरूनच सांगणार. दहा उत्तरांची बेरीज केलीत तर वाडा पेठेपेक्षा मोठा होईल. लिनक्स तो रेझिडेंट आकडा देतं तेव्हा त्या प्रोसेसने हात लावलेली चौकातली पानंही त्यात धरतं. खरा हिशोब हवा तर पीएसएस बघा. त्यात सामायिक पानं वापरणाऱ्यांत वाटून धरलेली असतात.

मग सर्व्हर पडला कशाने? मांडवांनी.

कार्य निघालं की बिऱ्हाड मांडव घालतं. पोस्टग्रेसमध्ये सॉर्ट किंवा हॅश करायला प्रोसेस स्वतःची खाजगी मेमरी घेते, आणि तिची मर्यादा म्हणजे वर्क मेम. मूळ आकडा ४ एमबी. तिथे कोणीतरी एक रिपोर्ट पटकन यावा म्हणून तो २५६ करून ठेवला होता. सगळ्यांसाठी! आणि नीट वाचा, ही मर्यादा बिऱ्हाडामागे नाही, कार्यामागे आहे. एका क्वेरीत तीन सॉर्ट असले तर तीन मांडव. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून हॅशला मूळ सेटिंगमध्येच दुप्पट मुभा आहे. पॅरलल वर्कर लागले तर त्यांचे मांडव वेगळे. ३०० जोडण्यांनी एकेकच सॉर्ट काढला तरी ३०० गुणिले २५६ एमबी, म्हणजे ७५ जीबी. प्लॉटच ६४ चा!

एरवी हे जमून जातं, कारण सगळ्यांची कार्यं एका मुहूर्तावर येत नाहीत. महिनाअखेरीला आली. मेमरी संपली आणि लिनक्सचा ओओएम किलर आला. हा एक बळी निवडतो, आणि गंमत म्हणजे तोही चौकातली हात लावलेली पानं धरूनच मोजतो. म्हणजे मांडव घालणारा सुटून, वर्षानुवर्षं चौकात वावरणारं एखादं गरीब बिऱ्हाडच जाऊ शकतं. पुढे काय होतं? एक प्रोसेस अशी तडकाफडकी मेली की चौकातलं पान अर्धवट लिहिलेलं राहिलं असेल, ही शंका येते. म्हणून पोस्टग्रेस बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडतं, चौक नव्याने मांडतं आणि लॉगवरून सावरतं. कमिट झालेलं काही जात नाही. पण पडलेला माणूस अडीच वाजता मला फोन करतो.

आता समोरच्यांची बाजू. शेअर्ड मेमरी निम्मी केल्यावर सर्व्हर पडायचा थांबतो, हे खरं आहे. ८ जीबी मोकळे झाले, एवढे मांडव आणखी मावले. पण ते औषध नव्हे. सगळ्यांच्या कामाची पानं हाकलून एकाच्या सॉर्टला जागा दिलीत, आणि जोडण्या ४०० झाल्या की पुन्हा तेच. "रॅम स्वस्त आहे, वाढवा" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. बेरजेने गुणाकाराशी शर्यत लावू नये.

ही भीती आली कुठून तेही सांगतो. २०१३ च्या ९.३ आवृत्तीआधी चौक मोठा करायचा तर कर्नलचं शेममॅक्स वाढवावं लागे. लिनक्सवर ते बरीच वर्षं ३२ एमबी होतं. नाही वाढवलंत तर सर्व्हर सुरूच होत नसे. त्यामुळे आमच्या पिढीला मेमरी म्हटलं की शेअर्डच आठवते. जे सुरुवातीलाच अडवतं त्याचा धाक बसतो. जे मुकाट्याने वाढत जातं त्याच्याकडे लक्ष जात नाही.

पोस्टग्रेसवालेही सुटत नाहीत. माझा जीव आहे त्यावर, म्हणूनच बोलतो. सगळ्या मांडवांची मिळून एक कमाल मर्यादा ठेवायची सोय त्यात आजही नाही. ऑरॅकलने २०१३ च्या १२सी मध्ये ती आणली. आपण मात्र प्रत्येकाला परवाने वाटतो आणि बेरीज देवावर सोडतो.

तोवर काय करायचं? वर्क मेम सगळ्यांसाठी लहान ठेवा आणि त्या एका रिपोर्टला, त्याच्या ट्रान्झॅक्शनपुरतं, वाढवून द्या. पीजीबाउन्सर लावून जोडण्याच कमी करा. ओव्हरकमिट २ वर ठेवा, म्हणजे मेमरी संपली तर जास्त मागणाऱ्या क्वेरीला एरर येईल, सगळा वाडा रिकामा होणार नाही. आणि चौकाला रॅमचा चौथा हिस्सा खुशाल द्या, मॅन्युअलही तिथूनच सुरुवात करायला सांगतं.

सामायिक गोष्टीचं असंच असतं. ती मोजलेली असते, सगळ्यांना दिसते, म्हणून काहीही बिघडलं की आधी तिलाच कापतात. ज्याच्या त्याच्या मांडवाचा हिशोब मागायला मात्र कोणी तयार नसतो.

असो. तिथे शेअर्ड मेमरी अखेर निम्मी केलीच. आज २८ तारीख. फोन उशाशी ठेवून झोपतोय.