बारांपैकी सहा

२०२५ च्या जुलै महिन्यात जर्मनीतील ऱ्हाइन-रूर प्रदेशात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताचा बॅडमिंटन संघ बारा जणांचा होता. १६ जुलैला संघव्यवस्थापकांची बैठक झाली, तीत आपल्या अधिकाऱ्यांनी नावांचा कागद सादर केला, आणि त्या कागदावर रीतसर सहाच नावे होती. उरलेल्या सहा जणांना दुखापत झाली नव्हती, ते हरले नव्हते, उत्तेजक द्रव्यांचेही काही प्रकरण नव्हते. निवडचाचणी देऊन, विमानाने सात समुद्र ओलांडून, देशाचे नाव छापलेला शर्ट अंगावर चढवून ती मुले तिथे पोचली होती. फक्त कागदावर ती पोचली नव्हती. ज्यांची नावे होती त्या सहांनी मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक मिळवले. वगळल्या गेलेल्यांपैकी काहींनी समाजमाध्यमांवर लिहिले, तेव्हा गवगवा झाला. मग चौकशी समिती नेमली गेली, एका पदाधिकाऱ्याचे निलंबन झाले. हे सारे यथासांग.

त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले त्यात एक शब्द पुन्हापुन्हा आला : 'देशाची नाचक्की'. प्रस्तुत लेखकाचे भांडण या शब्दाशी आहे. देशाचे काय गेले? देशाच्या खात्यात पदक जमा झाले. गेले ते सहा विद्यार्थ्यांचे. विद्यापीठीय खेळाडूचे वय संपते, पदवी संपते, स्पर्धा दोन वर्षांतून एकदा येते. तेव्हा अशी संधी बहुतेकांना एकदाच मिळते. पण आपल्याला झालेले नुकसान मोजायचे म्हटले की हाताशी येते ते राष्ट्र नावाचे माप, आणि त्या मापात विद्यार्थी बसतच नाही.

वास्तविक या स्पर्धांची मूळ कल्पना नेमकी उलटी होती. या स्पर्धा भरवणारा आंतरराष्ट्रीय महासंघ १९४९ चा. (उल्हासनगरचे नामकरणही त्याच वर्षी ८ ऑगस्टला झाले. एकीकडे युद्धाने विस्कटलेल्या युरोपातील विद्यार्थी मैदानावर एकत्र येऊ पाहत होते, दुसरीकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे बराकींत संसार मांडत होती. योगायोगच, पण गावातल्या माणसाला तो डोळ्यांआड करवत नाही.) १९५९ मध्ये इटलीतील तुरीन येथे पहिली 'युनिव्हर्सियाड' झाली, तेव्हा विजेत्याच्या सन्मानार्थ त्याच्या देशाचे राष्ट्रगीत न वाजवता युरोपीय विद्यार्थ्यांचे एक जुने लॅटिन गाणे वाजवले गेले. उंच चौथऱ्यावर उभा आहे तो आधी विद्यार्थी आहे, असे त्यातून सुचवायचे होते. आपण मात्र या स्पर्धांना धाकटे ऑलिम्पिक समजतो, तेही पदके आली तर. न आली तर त्या झाल्या होत्या हेही कोणाच्या गावी नसते.

पदकांचे गणित तरी आपण नीट वाचतो का? २०२३ मध्ये चीनमधील चेंगडूला भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली. १९५९ पासूनच्या सगळ्या स्पर्धांत मिळून आपल्याला तितकी मिळाली नव्हती. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात क्रांती झाल्याचे अग्रलेख तेव्हा आले. दोन वर्षांनी ऱ्हाइन-रूरमध्ये आकडा १२ वर आला, त्यात सुवर्णे दोन. मधल्या काळात विद्यापीठे ओस पडली नव्हती. झाले एवढेच, की चेंगडूला नेमबाजी होती आणि ऱ्हाइन-रूरला नव्हती. काही खेळ सक्तीचे असतात, काही यजमानाच्या मर्जीचे, नेमबाजी मर्जीतली. शिवाय चेंगडूचे आपले नेमबाज घडले ते राष्ट्रीय शिबिरांत; विद्यापीठाने त्यांना दिले ते ओळखपत्र. मनू भाकरच्या सुवर्णपदकाने कोणत्या महाविद्यालयाच्या जिमखान्यातली धूळ झटकली गेली, हे मला कोणी सांगावे.

चेंगडूच्याच वेळची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. अरुणाचल प्रदेशातील तीन वुशू खेळाडूंना चीनने शिक्क्याचा व्हिसा न देता सुटा, टाचलेला व्हिसा दिला. भारताने तो नाकारला आणि संपूर्ण वुशू संघच थांबवून ठेवला. तिघांचा अपमान तो सगळ्यांचा, ही भूमिका मला योग्य वाटली होती. दोन वर्षांनी अपमान झाला तो आपल्याच टेबलावरून, आपल्याच लेखणीने, आणि तो तिघांचा नव्हे तर सहांचा. तेव्हा कोणी कोणासाठी थांबले नाही. खेळलेल्या सहांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी तिथल्या तिथे काय करायचे होते? प्रश्न भूमिका घेणाऱ्यांचा आहे. कागद परक्याने टाचला की आपला स्वाभिमान जागा होतो. आपल्याच माणसाने तो अर्धा लिहिला तर ती 'तांत्रिक चूक' ठरते.

तांत्रिक चूक म्हणजे काय, हे मी फार जवळून पाहिले आहे. मी या पट्ट्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या संजीवनी जाधवने तैपेईच्या युनिव्हर्सियाडमध्ये दहा हजार मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. बातमीचे ते कात्रण माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले होते. मुलगी बदलापूरची, तृतीय वर्षाची. पहाटे बारवी धरणाच्या रस्त्यावर पळायची, मोठा भाऊ सायकलवरून मागे. पाच हजार मीटरमध्ये तिची वेळ चांगली होती. विद्यापीठाच्या संघात येईल, पुढे आंतर-विद्यापीठ स्पर्धेला जाईल, असे आम्हा सगळ्यांनाच वाटत होते. त्यापुढचे स्वप्न तिने कधी बोलून दाखवले नाही, पण ते वहीच्या पुठ्ठ्यावर होतेच.

स्पर्धेच्या दिवशी ती बदलापूरहून अंधारातच निघाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच सुमारे ६८ किलोमीटर, आणि तिथून पुढे मरीन लाइन्सचे मैदान. छातीवर लावायचा क्रमांक घ्यायला टेबलापाशी गेली, तर यादीत तिचे नाव नाही. पाच हजार मीटरच्या ओळीत आमच्याच महाविद्यालयाच्या दुसऱ्या मुलीचे नाव. ती आदल्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडली होती, लग्न होऊन कर्जतला नांदत होती. उलगडा नंतर झाला : आमच्याकडे संगणकावर गेल्या वर्षीचीच फाइल उघडून तिच्यावर यंदाची नावे चढवली गेली, आणि ती एक ओळ बदलायची राहिली. टेबलावरच्या गृहस्थांनी नियम दाखवला. नियम बरोबरच होता. मुलगी गॅलरीत बसून शर्यत पाहून दुपारच्या लोकलने परत आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सर, माझा नंबर तिच्या नावाने पडून होता तिथे." एवढेच. ते तिचे शेवटचे वर्ष होते.

आमच्या जिमखान्यात त्यावर काय झाले? काहीच नाही. चूक करणारा माणूस वाईट नव्हता. दोन-अडीच हजार विद्यार्थी, एक क्रीडाशिक्षक, एक उसना कारकून, आणि प्रवेशाच्या हंगामात त्या दोघांनाही फॉर्म तपासायला बसवलेले. पण मुलीला पत्र नाही, क्षमायाचना नाही, कुठे नोंदही नाही. तिचे नाव नव्हतेच, त्यामुळे ते गळल्याची नोंद कुठे करणार?

माझे काही मित्र म्हणतात, तुम्ही फार किरकोळ गोष्ट धरून बसला आहात, खरा प्रश्न मैदानांचा आहे. मैदानांचा प्रश्न आहेच. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ लाखांवर माणसे मोजली गेली. एकट्या उल्हासनगरात तेरा चौरस किलोमीटरांत पाच लाख लोक. इथे पळायला जागा नाही हे सांगायला तज्ज्ञ नकोत. पण मैदानाच्या मागणीत एक सोय आहे. ती कोणीही करावी, तिला कोणीही होकार द्यावा, निवडणुकीच्या आधी तिचे भूमिपूजनही व्हावे, आणि कोणाचीच जबाबदारी ठरू नये. त्या मुलीला मैदानाने अडवले नाही. ती धरणाच्या रस्त्यावर पळून तयार झाली होती. म्युल्हाइममधल्या त्या सहांनाही कोर्ट कमी पडले नव्हते. अडले ते कागदापाशी, आणि तो कागद खेळाडूला कधीच दाखवला जात नाही.

दुसरा उपाय सुचवला जातो तो याहून घातक : विद्यापीठांकडून हे काम काढून घ्या, राष्ट्रीय क्रीडा संघटनांकडे सोपवा. भारतीय विद्यापीठ संघ ही १९२५ पासूनची संस्था. तिच्या कारभाराची वकिली मी करणार नाही. पण संघटनांच्या कारभाराचे गोडवे गावेत असा अनुभव आपल्याला कधी आला? आणि संघटनेला हवा असतो आधीच घडलेला खेळाडू. बदलापूरची मुलगी तिच्या यादीत चुकून वगळली जाणार नाही, हे खरे. कारण ती त्या यादीच्या आसपासही फिरकणार नाही. तिच्यासाठी महाविद्यालयाचा जिमखाना हा एकच दरवाजा आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. अंतिम प्रवेशपत्रिका, मग ती विभागीय फेरीची असो की जागतिक स्पर्धेची, प्रत्येक खेळाडूने स्वतः वाचून, आपल्या नावापुढे सही केल्याशिवाय पुढे जाऊ नये. व्यवस्थापकांच्या बैठकीत जो कागद जातो त्याची प्रत त्याच दिवशी संघाच्या हाती पडावी. याला पैसा लागत नाही, जमीन लागत नाही. लागते ते एवढेच, की कागद सांभाळणाऱ्याने त्यावरच्या नावाला विचारायचे. आमच्याकडे मी ही सूचना बैठकीत मांडली, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "उद्या पोरं आपल्यालाच तपासायला लागतील."

जिमखाना समितीवर मी आपणहून नाव घातले. गेली तीन वर्षे पत्रिका पाठवण्याआधी ती मी वर्गावर्गांत नेतो. मुले आधी हसतात, मग वाचतात, मग सही करतात. पहिल्या वर्षी एका मुलाची जन्मतारीख चुकलेली निघाली, दुसऱ्या वर्षी एकीचे आडनाव. यंदा लांब उडीच्या ओळीत एक नाव असे निघाले, की तो मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, मी तर कॅरम खेळतो."