स्वयंपाकघरातलं बेट

दोस्तांनो, भूगोलाच्या पुस्तकातली बेटाची व्याख्या आठवतेय ना? चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा म्हणजे बेट. आणि तीन बाजूंनी पाणी असेल तर द्वीपकल्प. या दोन्ही व्याख्या पाठ असू द्या. आज आपल्याला त्या चक्क स्वयंपाकघरात लागणार आहेत!

हल्ली नव्या घरांच्या जाहिरातींत ‘किचन आयलंड’ असा शब्द दिसतो. आयलंड म्हणजे बेटच. भिंतीला न चिकटलेला, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा असलेला ओटा. त्याच्या चारही बाजूंना पाण्याऐवजी चालायची जागा. जाहिरातीतला ओटा एवढा लांबरुंद असतो, की त्यावर कॅरमचे दोन बोर्ड शेजारी शेजारी मावावेत. “आपल्या घरात कुठे एवढी जागा?” असं आई म्हणेल आणि तिचं बरोबरच आहे. पण आपल्याला तो विकत आणायचाच नाही. गॅलरीत पडलेलं ते ताईचं अभ्यासाचं जुनं टेबल आहे ना, वर रद्दीचा गठ्ठा आणि खाली मोडकी छत्री? भंगारवाल्याला द्यायचं ठरलंय? जरा थांबा.

आधी एक गंमत सांगतो. आपल्याकडे पूर्वी स्वयंपाक बसून व्हायचा. चुलीसमोर पाट, उजव्या हाताला विळी, डाव्या हाताला परात, मागे मांडणी. हात लांब केला की वस्तू हातात. मग उभ्याचा ओटा आला. धुरापासून आणि उठाबशांपासून सुटका झाली, हे फार चांगलं झालं. पण दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे येरझाऱ्या, आणि दुसरी म्हणजे ज्याला फार वेळ उभं राहवत नाही तो माणूस स्वयंपाकघरातून बाहेर गेला. तुमच्या आजीचे गुडघे दुखतात का? मग ती मटार सोलायला कुठे बसते? बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. बरोबर ना?

येरझाऱ्यांचा हिशोब अमेरिकेतल्या लिलियन गिलब्रेथ या बाईंनी केला होता. त्या मानसशास्त्र शिकलेल्या होत्या आणि कारखान्यांतली कामं कमी हालचालींत कशी होतील याचा अभ्यास करायच्या. त्यांना मुलं झाली बारा! 1924 साली त्यांचे पती वारले. कारखानदार एका बाईचा सल्ला घ्यायला नाखूश असत, तेव्हा त्यांनी आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळवली. स्ट्रॉबेरीचा एक केक करायला एका साध्या स्वयंपाकघरात किती पावलं चालावं लागतं हे मोजलं, तर आकडा आला 281. मग ओटा, कपाटं, भांडी यांच्या जागा बदलल्या आणि तोच केक पुन्हा केला. पावलं झाली 45!

दुसऱ्या बाई ऑस्ट्रियातल्या. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी स्वस्त घरं बांधली जात होती. त्यांच्यासाठी या बाईंनी 1926 साली एक स्वयंपाकघर आखलं. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.9 मीटर. म्हणजे आपल्याकडच्या लहान फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराएवढंच की! अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. त्यात खिडकीखाली कामाचं एक टेबल होतं आणि टेबलापाशी बसायला स्टूल होतं. उभ्याच्या ओट्याशेजारी बसून काम करायची जागा! (या दोघींबद्दलची खरी गंमत म्हणजे, दोघींचाही प्रत्यक्ष स्वयंपाकाशी फारसा संबंध नव्हता. म्हणून “तुला काय कळतंय यातलं?” असं घरात कुणी म्हणालं तर ही गोष्ट सांगा.)

आता आपल्या टेबलाकडे वळू.

जुनं फर्निचर स्वयंपाकघरात आणायचं म्हटलं, की मोठी माणसं पहिली गोष्ट सुचवतात ती म्हणजे, “पायाखाली ठोकळे लावा, ओट्याएवढं उंच करा.” माझा सल्ला उलटा आहे. उंच करू नका! का ते मोजपट्टी घेऊन स्वतःच पाहा. आपल्याकडचे बरेचसे ओटे 32 ते 34 इंच उंच असतात, म्हणजे 81 ते 86 सेंटिमीटर. उभ्याने चिरायला ही उंची ठीक आहे. कोपरातून हात वाकवला की कोपराच्या 10-15 सेंटिमीटर खाली ओटा यावा असा साधा हिशोब असतो. अभ्यासाचं टेबल असतं साधारण 75 सेंटिमीटर, आणि खुर्चीची बैठक 45. दोन्हींत फरक 30 सेंटिमीटरचा. त्यामुळेच मांड्या टेबलाखाली आरामात जातात आणि पाय जमिनीवर टेकतात. तेच टेबल 85 सेंटिमीटर केलं, तर बसायला 55 ची खुर्ची हवी. आजीचे पाय लोंबकळतील! उंच ओटा तर घरात आहेच. आपल्याला हवी आहे दुसरी, बुटकी उंची.

आणि या बुटक्या उंचीचा उभ्यानेही फायदा होतो बरं का. भाकरी थापताना किंवा भरपूर कणीक मळताना नुसत्या मनगटाने भागत नाही, खांद्याचा जोर खाली द्यावा लागतो. त्यासाठी पृष्ठभाग थोडा खालीच बरा. शिवाय पाचवी-सहावीतल्या मुलाला 75 सेंटिमीटरवर स्टूल न घेता उभ्याने काकडी कोचता येते. ही मी मुद्दाम सांगितलेली गोष्ट आहे, बाबांनी आणि दादानेही ऐकावी.

आता जागेचं गणित. चालायला आणि वाकायला कमीत कमी तीन फूट मोकळी जागा हवी. ओटा दोन फूट रुंद, टेबल दोन फूट रुंद. मधोमध खरंखुरं बेट हवं असेल, तर ओटा 2, जागा 3, टेबल 2, पलीकडे जागा 3, असे झाले दहा फूट. तुमच्या स्वयंपाकघराची रुंदी आठ फूटच आहे? हरकत नाही. टेबलाची एक लांब बाजू समोरच्या भिंतीला लावा. तीन बाजू मोकळ्या राहतील. झालं द्वीपकल्प! आणि मध्ये चार फूट जागा उरेल. आठ फुटांत बेट कोंबायच्या भानगडीत पडू नका. रोज कुणीतरी कोपऱ्याला मांडी आपटून घेईल.

हे नुसतं कागदावर ठरवायचं नाही हं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाच्या मापाचा तुकडा करा आणि तो जमिनीवर दोन दिवस चिकटपट्टीने लावून ठेवा. त्यावर कुणी पाय द्यायचा नाही! फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का? सिलिंडर बाहेर काढता येतो का? हातात गरम पातेलं घेऊन आई वळली तर अडते का? दोन दिवसांत सगळं कळतं.

तोवर टेबलाची तपासणी करून घ्या. एका कोपऱ्याला धरून हलवा. डुगडुगलं तर सांधे सैल झालेत. साध्या सैल सांध्यांचं सुतारकाका चटकन करून देतात. सुतारकामाच्या जुन्या टेबलात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं असतं, आणि असा सांधा उघडून, साफ करून, सरस किंवा फेव्हिकॉल लावून पुन्हा बसवता येतो. म्हणूनच सागवानी टेबल असेल तर नशीबवान आहात. सागात मुळातच तेलकट अंश असतो, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं टेबल असेल तर मात्र ते स्वयंपाकघरात नेऊच नका. कडा उघडी पडली आणि पाणी लागलं, की ती पाटी फुगते आणि मग काही केल्या पूर्ववत होत नाही. पायांशी बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली, तर कीड लागलेली आहे. असं लाकूड धान्याच्या डब्यांशेजारी नकोच.

आता एक अगदी महत्त्वाचं. हा परिच्छेद आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा. टेबलाला जुना ऑईलपेंट लावलेला असेल, तर तो पॉलिश पेपरने घासायचा नाही. तुम्ही तर नाहीच नाही. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि ते नियम लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. एक किलो रंगात 90 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. घासल्यावर त्याची धूळ उडते, जमिनीवर बसते, रांगत्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं फार घातक, थोडंसुद्धा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर ते टेबल स्वयंपाकघरात आणू नये. नुसतं पॉलिश केलेलं लाकूड असेल तर ते निवडा. आणि तेही घासायचं असेल तर मोठ्यांनी, घराबाहेर, नाकावर मास्क बांधून.

टेबलाच्या वरच्या फळीवर काय घालायचं? उघडं लाकूड छान दिसतं, पण हळदीचा एक डाग आणि गरम कुकरचं एक वर्तुळ पडलं की संपलं. कुणाकडे जुना ओटा तोडताना निघालेला कडप्पा मिळतो. स्वस्तात मस्त! पण आधी गणित करा. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि 18 मिलिमीटर जाड लादी म्हणजे 1.2 × 0.6 × 0.018 मीटर. अशा दगडाचा एक घनमीटर भरतो सुमारे 2700 किलो. गुणाकार करा बरं. उत्तर येतं 35 किलो! म्हणजे सातवीतलं एक मूल टेबलावर कायमचं बसवल्यासारखं. सागवानी पाय ते पेलतील, बारीक पायांचं डुगडुगतं टेबल नाही पेलणार. कडप्प्याची आणखी एक खोड आहे. तो चुनखडीचा दगड. लिंबाचा रस सांडून राहिला की तिथली चकाकी जाते. विज्ञानाच्या तासाला आम्ल आणि चुनखडीचा प्रयोग केला असेल ना, तोच हा. ग्रॅनाइटचं असं होत नाही. मला विचाराल तर स्टीलचा पत्रा सर्वांत सोयीचा. वजनाला हलका, पुसायला सोपा. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कडा खाली दुमडून घ्यायला मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट कापेल.

पायांना रबरी बूच बसवा. फरशी पुसताना पाणी लाकडात शिरत नाही. चाकं लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नका. आजी उठताना टेबलावर हात टेकून उठणार. त्या वेळी टेबल सरकलं तर? तसंच, गॅसची शेगडी या टेबलावर आणायची नाही आणि मिक्सरची वायर वाटेवरून ओढायची नाही. गॅस ओट्यावर, मिक्सर भिंतीपाशी. टेबलावर सोलणं, निवडणं, चिरणं, लाटणं, भरणं.

खाली कप्पे करायचे असतील तर अर्ध्याच भागात करा. उरलेला अर्धा भाग मोकळा. तिथे गुडघे जाणार आहेत! आठ दिवसांत त्या रिकाम्या जागेत कांद्याची टोपली सरकवायची कुणाला तरी हमखास बुद्धी होईल. तुम्ही पहारा ठेवा. पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं आणि खण अडकतो, तेव्हा खणाच्या कडांना मेणबत्ती घासा. सुतारकाकांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

आणि हो, टेबल आत आणण्यापूर्वी एक काम करून ठेवा. आई किंवा बाबा कांदेपोहे करत असतील तेव्हा कोपऱ्यात वही घेऊन बसा आणि पावलं मोजा. कढईपासून फ्रिजपर्यंत किती, फ्रिजपासून विळीपर्यंत किती, डब्यांपर्यंत किती. टेबल बसल्यावर पुन्हा तेच पोहे, पुन्हा तीच वही. (पोहे दोनदा खायला मिळतात, हा फायदा वेगळा.) वहीत आणखी एक रकाना करा. पहिल्या वेळी स्वयंपाकघरात कोण कोण होतं आणि दुसऱ्या वेळी कोण कोण आलं, त्यातलं बसलेलं कोण होतं. दोन्ही आकडे आणि ती नावं पोस्टकार्डावर लिहून पाठवा. टेबलाचा एक खण काढून टाकावा लागला असेल तर तो फेकू नका. त्याचं काय करायचं ते पुढच्या अंकात.