आमसुलं आधी की नंतर?

मैत्रिणींनो, "डाळ शिजतच नाही हो, काय करू?" असं तुमच्यापैकी कुणी ना कुणी मला नेहमी विचारतं. उत्तर देते, पण आधी आमच्या आजोबांच्या वरणाची गोष्ट ऐका.

साल १९७६. दिवाळी नुकतीच झालेली. आमचं घर तारापूरला. (तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातले. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली.) आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, धुरापाशी जायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. त्यातच पालघरहून मावशीच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि आई सकाळच्या एस्टीनं गेली. बाबा बोईसरला कारखान्यात पहिल्या पाळीला. घरात उरलो आजी, आजोबा आणि नऊ वर्षांची मी.

मी चुलीकडे निघाले तर आजोबांनी अडवलं. "तू बस गं. वरणभात तर करायचाय, त्यात काय मोठंसं?"

तारापूरच्या केंद्रात १९६९ पासून अणूपासून वीज तयार होत होती, पण आमच्या आजोबांना चूल पेटवता येत नव्हती! अर्धी बाटली रॉकेल आणि आठवड्याची वर्तमानपत्रं संपली, तेव्हा कुठे जाळ झाला.

आजी माजघरातल्या खाटेवरून सूचना देत होती. आजोबांना ऐकू जरा कमी. "अहो, तांदूळ नवा आहे, पाणी बेतानं घाला!" यांच्या कानावर आलं ते एवढंच, "पाणी घाला!" घातलं. मग आमसुलांची बरणी दिसली. डाळ कच्ची असतानाच मूठभर आमसुलं आत. "शेवटी टाकायचीच ना? दोनदा कोण उठणार?"

दीड वाजला. भाताची झाली होती खळ. मी तिनं वहीला कव्हर चिकटवलं, ते परीक्षेपर्यंत सुटलं नाही! आणि डाळ? दोन तास उकळूनही दाणा न् दाणा ताठ. ताटात पडली की वाजायची.

आजोबांनी पान वाढून आजीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं घास घेतला. चावला. चावतच राहिली.

"कसं झालंय?"

"गरम आहे," आजी म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा गरम जेवतेय. वाढा अजून."

आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र हिशेबाची वही घेऊन आजीच्या खाटेपाशी बसले आणि एकेक माप लिहून घेतलं. पट्टी निघाली तरी रविवारचा वरणभात त्यांच्याकडेच राहिला. त्या दिवशी आजी सगळ्यांच्या आधी पानावर बसायची.

त्या वहीतलं तुम्हीही उतरवून घ्या. तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवावी. शिजवताना फक्त हळद आणि चमचाभर तेल. आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबटामुळे डाळीचा दाणा सुटत नाही, कितीही सरपण जाळा. विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी जड असेल तरी तसंच होतं, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा टाका. चिमूटभरच हं! जास्त झाला तर चव बिघडते.

भाताचं म्हणाल, तर नव्या तांदळात मुळात ओल असते, त्याला पाणी कमी लागतं. आमच्याकडच्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण नवा असताना पाणी जास्त झालं तर त्याचीही खळच होते. वाटीभर नव्या तांदळाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी पुरे, जुन्याला दोन ते अडीच.

आणि शेवटचं माप माझं. येत्या रविवारी वरणभात घरातल्या पुरुषमंडळींवर सोपवा. तुम्ही बाहेर बसा. वास करपट आला तरी उठू नका. पान तुमचं पहिलं वाढून घ्या आणि गरम असतानाच जेवा. डाळ वाजली तर वाजू दे. पुढच्या रविवारी शिजेल.