झाड जगलं म्हणजे माती चांगली, हे कुणी सांगितलं?

आज भात नाही, पांढरा कांदा नाही, शोभेच्या झाडांवर लिहितोय. काहीजण म्हणतील, हा बंगलेवाल्यांचा विषय. तसं नाही. आपल्या किनाऱ्यावर वाड्या विकल्या गेल्या, तिथे बंगले आले आणि बंगल्यांमागून रोपवाटिका आल्या. माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं घर आज सुपारीइतकंच बहावा, ताम्हण, कांचन आणि पामच्या रोपांवर चालतं. तिकडे झाड खुरटलं की इकडे आपले पैसे अडकतात, आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

झाड खुरटलं की आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात: खारा वारा, पाणी कमी, रोप खराब. चौथं उत्तर कुणी काढतच नाही. मातीत तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांचा भार झालाय का, हे.

हे जड धातू झाडाला मारतात कसे, ते आधी बघा. पहिला मार मुळांच्या टोकांवर. मूळ लांब जायचं थांबतं, टोक जाड आणि तपकिरी होतं, बारीक पांढरी तंतुमुळं कमी होतात. वर फांदी-पानं ठीक दिसत असतात तेव्हा खाली काम बिघडलेलं असतं. मग तांबं किंवा जस्त जास्त झालं की झाडाला लोह घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मालकाला वाटतं खत कमी पडलं, तो डीएपीची मूठ टाकतो. स्फुरद वाढलं की लोह आणखी अडतं. शिवाय स्फुरदाच्या खतांत खडकातून आलेलं थोडं कॅडमियम असतंच. युरोपने २०२२ पासून त्यावर मर्यादा घातली, एक किलो स्फुरदामागे (पी२ओ५) ६० मिलिग्रॅम. म्हणजे इलाज म्हणून जे टाकलं त्यातही तोच पाहुणा.

खाऱ्या वाऱ्याचा मार वेगळा दिसतो. समुद्राकडची बाजू जास्त भाजते, पानाच्या कडा करपतात, जुनी पानं आधी जातात. धातूचा पिवळेपणा नव्या पानावर येतो आणि तो वाऱ्याची दिशा बघत नाही. फरक ढोबळ आहे, पण फोनवरून फोटो मागवला तरी निम्मा अंदाज येतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका बंगल्याला ताम्हण आणि बहावा दिले होते. दीड वर्ष झालं तरी हातभर वाढ नाही. मालकाचं म्हणणं, रोपंच निकृष्ट, उरलेले पैसे देणार नाही. मी म्हटलं, देऊ नका, पण एक झाड उकरून बघूया. उकरलं. माझ्या पिशवीतला पोयटा आणि शेणखत होतं तिथवर मुळं गच्च, आणि जिथे भराव सुरू झाला तिथे कुणी भिंत बांधावी तशी थांबलेली. भरावात काय नव्हतं? काळी राख, गंजक्या पत्र्याचे तुकडे, पाडलेल्या घरांचं रंग लागलेलं प्लास्टर. गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणजे जस्त. जुना ऑइलपेंट म्हणजे बहुतेक वेळा शिसं, कारण घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीची सगळी घरं आता पाडली जातायत आणि त्यांचा राडारोडा आपल्या खाचरांत भराव म्हणून येतोय. शेताच्या बांधावर डंपर उभा राहिला की आपण फक्त विचारतो, ब्रासला किती?

आता जे लिहितोय ते जरा नीट वाचा, कारण गैरसमज इथेच होतो.

तांबं आणि जस्त यांच्या बाबतीत झाड खरं बोलतं. माणसाला त्रास होण्याइतका धातू पानात साठायच्या आतच झाड आजारी पडतं. कॅडमियमचं तसं नाही. ते जस्ताच्या वाटेने आत शिरतं, आणि झाड हिरवंगार असतानाही दाण्यात, पानात इतकं साठू शकतं की खाणाऱ्याला बाधावं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम भातखाचरांत उतरलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली. तिथल्या सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. शिसं तर मुळातून वर फारसं चढतच नाही. ते मातीच्या वरच्या थरात बसून राहतं. शिसंयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेला पडलेलं शिसं उडून गेलेलं नाही. महामार्गाकडेची कण्हेर कशी डवरलेली असते! ती कणखर आहे एवढंच त्यातून कळतं. त्या मातीत पालेभाजी लावावी असं त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून कारखान्यांच्या हरितपट्ट्यांचं मला कौतुक वाटत नाही. पर्यावरण परवानगीत ठराविक जागेवर झाडं लावायची अट असते, झाडं लागतात, फोटो निघतात. झाड धूळ अडवतं, सावली देतं, मान्य. शोभेचं झाड कुणी खात नाही म्हणून खराब जमिनीवर ते लावणं शहाणपणाचंच आहे. पण त्याचा पाला कुठे जातो? झाडून गोळा होतो आणि कुणाच्या तरी खतखड्ड्यात पडतो, किंवा शेळ्या खातात. पानावरची धूळही त्याच्यासोबत आली. जे जमिनीत होतं ते फिरून ताटाच्या दिशेने निघालं.

बोट फक्त तळोजा, रसायनी, धाटाव, महाडकडे दाखवून चालणार नाही. आपल्या सुपारीच्या वाड्याही त्यात आहेत. गळीच्या रोगावर एक टक्का बोर्डो मिश्रण आपण पिढ्यानपिढ्या फवारतोय. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, म्हणजे पिंपामागे जवळजवळ पाव किलो तांबं. पावसाने ते खाली उतरतं आणि वरच्या थरात राहतं. तांबं सडत नाही. बोर्डो बंद करा असं मी म्हणत नाही, सुपारी वाचवायची तर ते लागतंच. पण युरोपात द्राक्षबागांना सुद्धा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे किती पिंपं गेली याची वही कुणी ठेवत नाही. अशी जुनी वाडी तोडून तिथे नाजूक शोभेची रोपं लावली आणि ती पिवळी पडली, तर नवल कसलं?

सरकारी मोजमाप इथे कमी पडतं, ही माझी खरी तक्रार. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात. तांबं, जस्त आहेत, पण ते कमी आहे का हे बघायला. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा नाहीच. नद्यांचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित होते, आपल्या कुंडलिका, पाताळगंगा, सावित्री त्यात आल्या. पण ती क्रमवारी बीओडीवर, म्हणजे पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीवर. न कुजणारं जे आहे ते त्या यादीच्या बाहेर.

खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला, सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. एमआयडीसीच्या खालच्या अंगाची गावं, महामार्गालगतची शेतं, जुन्या सुपारीच्या वाड्या आणि भरावाचे प्लॉट, एवढ्यांची तरी धातूंची तपासणी पत्रिकेत जोडून मिळावी. ग्रामसभेत हा ठराव मांडायला पैसे लागत नाहीत. पुढच्या सभेत मी मांडणार आहे, तुम्हीही तुमच्या गावात मांडा.

तोवर स्वतःपुरतं. भरावावर झाड लावायचं असेल तर खड्डा तीन फुटी घ्या, आतला भराव बाहेर काढा, चांगला पोयटा आणि भरपूर कुजलेलं शेणखत घाला. सेंद्रिय पदार्थ तांबं आणि शिसं धरून ठेवतो. आपली तांबडी जांभ्याची माती आंबट असते, आंबट मातीत बहुतेक धातू सुटे होतात, तिथे सामू बघून चुना द्या. रस्त्याकडेचा आणि कारखान्याकडचा पाला भाजीच्या खतात नको. आणि नमुना खासगी प्रयोगशाळेत देताना धातूंची तपासणी वेगळी सांगून मागा. वरची वीतभर माती एका पिशवीत, त्याखालची दुसऱ्या पिशवीत. पत्र्याची बादली वापरू नका, तिचंच जस्त अहवालात येतं. प्लास्टिकची बादली आणि लाकडी उलथणं घ्या, आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत उरका.